गाण्याविरुद्ध अर्ज, तीन प्रतींत

त्या गाण्याविरुद्ध अर्ज करायची कल्पना माझी होती, हे आधीच कबूल करून टाकतो. अर्ज मंजूर झाला तेव्हा ती आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींची होती, आणि पुढे जे काही झालं त्यानंतर ती कोणाचीच नव्हती. बेवारस राहण्यापेक्षा माझ्या नावावर लागलेली बरी.

गाणं तसं दोन ओळींचंच:

नाही म्हण, नाही म्हण, नाहीमध्ये हो गं,
दार लाव, कडी घाल, मागून मी येतो गं!

म्हणजे पुढे तीन कडवी होती. पहिल्यात ती मुलगी पळते, दुसऱ्यात रडते आणि तिसऱ्यात, कुठलंही सबळ कारण नसताना, हसते. पण कडव्यांपर्यंत कोणी जातच नव्हतं. त्या दोन ओळींची चालच इतकी चिवट, की एकदा कानात शिरली की जुन्या भाडेकरूसारखी. तुम्ही काय वाट्टेल ते करा, जागा सोडायची नाही. आमच्या समोरच्या इमारतीत तळमजल्यावर एक जिम आहे. तिचे मालक, ज्यांना अख्खी गल्ली पैलवान म्हणते, रोज सकाळी सहा ते आठ हे एकच गाणं लावायचे. त्या तालावर वजनं आपोआप उचलली जातात म्हणे.

वजनांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, मी वजनमापं तपासणाऱ्या खात्यात आहे. दुकानदारांचे काटे तपासायचे, पितळी वजनं ताडून पाहायची, बरोबर असतील तर शिक्का मारायचा. या कामात विनोदाला वाव नाही आणि मलाही तो कधी लागला नाही. पण एकदा एका किराणा दुकानात मी काट्यावर वाकलो असताना दुकानदाराने अदबीने विचारलं, "साहेब, काटा बरोबर आहे ना?" आणि माझ्या तोंडून, अगदी सुरात, निघालं, "नाही म्हण, नाही म्हण..." त्या बिचाऱ्याने दुसऱ्याच दिवशी नवा काटा आणला. जुन्यात तसूभर फरक नव्हता. बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून झालेला हा पहिला अन्याय, आणि तोही तोंडाने.

तरीही मी अर्ज केला नसता. केला तो मुलीमुळे. मुलगी आठवीत आहे. एका दुपारी शाळेतून आली, दप्तर खुर्चीवर टाकलं आणि म्हणाली, "बाबा, मी उद्यापासून मागच्या रस्त्याने जाणार. लांब पडला तरी चालेल."

"का गं?"

"कोपऱ्यावर चार-पाच जण उभे असतात. मी दिसले की ते गाणं म्हणतात. आणि दुसरी ओळ आली की खरंच मागून चालायला लागतात."

गणिताचा गृहपाठ सांगावा तशा आवाजात तिने हे सांगितलं. मी मात्र हातातला कप खाली ठेवला. दोन महिने मी ते गाणं दाढी करताना, बूट घालताना, फाईल चाळताना गुणगुणत होतो, आणि त्या ओळीचा अर्थ मला त्या दुपारी पहिल्यांदा कळला. लाज वाटली. लाज वाटली की काही माणसं दारू पितात, काही देवळात जातात. मी अर्ज करतो.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला मागच्या रस्त्याने सोडायला जाऊ लागलो आणि परत येताना त्या कोपऱ्यावर थांबू लागलो. टोळकं पांगलं. गाणं मात्र जागच्या जागी होतं.

सोसायटीची सभा बोलावली. गाणं वाईट आहे यावर सगळ्यांचं एकमत होऊन सभा पाच मिनिटांत संपली असती, पण मग सल्ले सुरू झाले. सेक्रेटरी म्हणाले, अर्ज करतोच आहोत तर त्यातच ड्रेनेजचं पण घालू. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, जिममध्ये मुलं फार तंग कपडे घालतात, तेही लिहा. तुम्हाला कसं दिसतं असं कोणीतरी विचारल्यावर त्या म्हणाल्या की बाल्कनीतून स्टूल ठेवलं की दिसतं. आमच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांनी माझ्या हातातून गाण्याच्या शब्दांचा कागद घेतला, खिशातून लाल पेन काढलं आणि "'येतो'वर काना राहिलाय" म्हणत पूर्ण गाणं शुद्ध करून दिलं. गाणं तितकंच घाणेरडं, पण व्याकरणात पैकीच्या पैकी.

सांस्कृतिक कार्यालयातल्या खिडकीवर बसलेल्या बाईंनी अर्ज उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "गाण्याचे शब्द तीन प्रतींत. प्रत्येक प्रतीवर जबाबदार अधिकाऱ्याची 'मुळाबरहुकूम नक्कल' अशी सही."

मला ठाऊक असलेल्या जबाबदार अधिकारी एकच: आमच्या मॅडम. त्या डोळ्यांत तेल घालून काम करणाऱ्या आहेत. कागद समोर ठेवल्यावर त्यांनी चष्मा लावला, दोन्ही ओळी मनात वाचल्या, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा ओळींकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"नक्कल आहे, मॅडम."

"मूळ कुठे आहे? मूळ पाहिल्याशिवाय मी सही कशी करू?"

त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. मी मोबाईल काढला. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून मॅडमनी केबिनचं दार लावून घ्यायला सांगितलं, आणि तिथेच चुकलं. "दार लाव, कडी घाल" बंद दारातूनही बाहेरच्या पंधरा टेबलांना स्पष्ट ऐकू गेलं. शब्द अन् शब्द ताडायचा म्हणून मॅडमनी ते तीन प्रतींसाठी तीनदा ऐकलं. मी बाहेर आलो तेव्हा सगळे कर्मचारी माना खाली घालून इतकं मन लावून काम करत होते, की तसं मी त्यांना आजवर कधी पाहिलं नव्हतं.

पण सही मिळाली, आणि बावीस दिवसांत नोटीस निघाली. "सुनावणी होईपर्यंत सदर गीत सार्वजनिक ठिकाणी वाजवू नये." पैलवानांनी गाणं बंद केलं. सेक्रेटरींनी जिन्यात माझा हात हातात घेतला आणि आमच्या कल्पनेला यश आल्याबद्दल माझं अभिनंदन केलं. मी तीन दिवस जरा छाती काढून चाललो.

आता आईबद्दल सांगायला हवं. माझी आई तीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर होती. तिच्या एका "रांगेत!" या शब्दाने वळणावळणाची रांग सरळ व्हायची. चार महिन्यांपूर्वी तिला झटका आला. उजवा हात आणि बोलणं दोन्ही गेलं. हात हळूहळू थोडा परत आला. बोलणं आलं नाही. तिला सगळं कळायचं, पण सांगायला गेली की नुसता "ब... ब..." असा आवाज यायचा, आणि मग ती तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायची. आठवड्यातून दोनदा थेरपिस्ट बाई यायच्या. कप, किल्ली, कंगवा अशी चित्रं दाखवायच्या. आई कंगव्याकडे बघायची, तिचे डोळे भरायचे आणि बाई म्हणायच्या, "राहू दे आजी, आज एवढंच."

गाणं बंद झाल्यापासून आई अस्वस्थ झाली. सकाळी सहाला तिला खिडकीशी खुर्चीत बसवायचो. ती डाव्या हाताने समोरच्या जिमकडे बोट करायची आणि मग माझ्याकडे बघायची. मी म्हणायचो, "हो गं, बंद केलं ते. मीच केलं." आई कपाळाला हात लावायची. मला वाटायचं, कौतुकाने लावते.

चौथ्या दिवशी सकाळी मुलगी न्हाणीघरात होती. ज्या गाण्यामुळे तिने रस्ता बदलला, तेच गाणं अंगावर पाणी घेताना तिच्याही तोंडून निघालं. चालीला नीतिमत्ता नसते, त्याला ती तरी काय करणार? "नाही म्हण, नाही म्हण," ती म्हणाली. मी ओरडणार, एवढ्यात खिडकीजवळून उत्तर आलं.

"नाहीमध्ये हो गं."

खर्जातला, थोडा घोगरा आवाज. आईचा. मी आणि बायको, आम्ही दोघंही जागच्या जागी उभे. हिच्या हातात झारा तसाच. न्हाणीघरातलं पाणी थांबलं. आई खिडकीबाहेर बघत, डाव्या हाताने खुर्चीच्या हातावर ताल धरत म्हणत होती, "दार लाव, कडी घाल, मागून मी येतो गं." प्रत्येक शब्द स्वच्छ. गाणं संपलं तशी ती आमच्याकडे वळली, काही सांगायला गेली आणि पुन्हा "ब... ब..." झालं. पण या वेळी तिने तोंड फिरवलं नाही. ती हसली.

ही खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी काय केलं ते मला आठवत नाही. मुलगी सांगते की मी "शाब्बास, शाब्बास" म्हणत पंखा चालू-बंद करत होतो.

थेरपिस्ट बाई धावत आल्या. "असं होतं," त्या म्हणाल्या. "बोलायची वाट बंद पडली तरी गाण्याची वाट कधी कधी उघडी राहते. ती वेगळीकडून जाते. आजींनी ते रोज दोन तास ऐकलंय. आता सोडू नका. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास, सगळ्यांनी मिळून, मोठ्याने, डाव्या हाताने ठेका धरून."

"हेच गाणं, बाई? जरा बरं दुसरं..."

"करून बघा की."

करून पाहिलं. अंगाई म्हटली, प्रार्थना म्हटली, मी शाळेत पाठ केलेलं नदीवरचं गाणं सगळ्या कडव्यांसह म्हटलं. आई माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी ती काउंटरवर चुकीचा फॉर्म भरून आणणाऱ्यांकडे बघायची. ओठ घट्ट.

मी जिममध्ये गेलो. पैलवान हातात माझ्याच अर्जावरची नोटीस घेऊन आले. "काका, तुमच्या सांगण्यावरून बंद केलंय."

"हो. म्हणूनच सुरू करा म्हणायला मी आलोय."

"लेखी आणा," पैलवान म्हणाले. हे वाक्य मी आयुष्यभर लोकांना ऐकवत आलो. ऐकताना कसं लागतं ते त्या दिवशी कळलं.

मग आम्हीच म्हणू लागलो. सकाळी सहाला एक वजनमापं निरीक्षक, त्याची बायको, मुलगी आणि आई, असे चौघे डाव्या हाताने मांडीवर थाप मारत, खिडक्या बंद करून, "मागून मी येतो गं" असं कंठशोष करून म्हणतोय. आमच्या भिंती पातळ आहेत. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी दारात उभे. "तक्रार तुमची आणि गाणंही तुमच्याच घरात? सोसायटीला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत तुम्ही!" त्यांच्या मागे उभे राहिलेले मुख्याध्यापक एवढंच म्हणाले, "शब्दोच्चार मात्र स्पष्ट आहेत." मी त्यांना आत बोलावलं, आईसमोर बसवलं आणि ठेका धरला. आई म्हणाली. सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि दुसऱ्या दिवसापासून सहाला आमच्या घरी येऊ लागले. त्यांचा आवाज भसाडा आहे, पण तालाला पक्के आहेत.

मग बाईंनी खरी युक्ती सांगितली. चाल तीच ठेवायची, शब्द बदलायचे, रोजच्या गरजेचे घालायचे. मुलीने ते काम हौसेने अंगावर घेतलं. "चहा दे, चहा दे, साखर कमी घाल गं." "खिडकी लाव, पडदा ओढ, वारा फार येतो गं." आई एकेक ओळ उचलू लागली. घरात पाणी, चष्मा, उशी सगळं एकाच चालीवर मागितलं जाऊ लागलं. ऑफिसमधून फोन आला तर मीही "साहेब नाही, साहेब नाही" त्याच चालीत म्हणायचो. आणि एके दिवशी चाल गळून पडली आणि नुसता शब्द राहिला. त्याला कारण झाल्या वरच्या काकू.

काकूंनी कसलासा काढा आणला होता. वाटीभर, काळाकुट्ट, दारातून वास येणारा. त्यांच्या मावसबहिणीच्या दिराची वाचा म्हणे त्याने परत आली होती. त्यांनी वाटी आईच्या ओठांशी नेली. आईने मान मागे घेतली आणि म्हणाली, "नाही."

न गाता. साधं.

मी उभाच राहिलो. काकू मात्र हसल्या. "अहो, लाजताहेत. नाही म्हणजे हो असतं हो!" आणि वाटी पुन्हा पुढे केली.

आईने डावा हात उचलून वाटीवर ठेवला. कपाळावर घाम आला, ओठ दोनदा नुसतेच हलले. मग एकेक शब्द काउंटरवर शिक्का मारावा तसा उमटला.

"नाही. म्हणजे. नाही."

काढा काकूंच्या साडीवर सांडला. काकू रागावल्या नाहीत. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि आईच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मुलगी दारात उभी होती. संध्याकाळी तिने सांगितलं की उद्यापासून ती जवळच्या रस्त्याने जाणार आहे आणि कोणी सोडायला यायची गरज नाही. मी दोन दिवस लांबून मागे जाऊन पाहिलं. मागून जायला घरात आता बंदी आहे असं तिने मला सांगितलं.

आणि याच आठवड्यात सुनावणी आली.

मी आधी अर्ज मागे घ्यायला गेलो होतो. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, अर्ज आत यायला खिडकी आहे, बाहेर जायला नाही. सुनावणीच्या खोलीत लांब टेबल, एक अधिकारी आणि समोरच्या बाकावर एकटा, हडकुळा, पन्नाशीचा माणूस. तो गीतकार होता. दिवसा एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा. मी शिंगं असलेल्या माणसाची कल्पना करून गेलो होतो. हा शर्टाच्या बाहीवरचा शाईचा डाग लपवत बसला होता.

"तुमचं म्हणणं?" अधिकाऱ्यांनी मला विचारलं.

"गाण्याचे शब्द वाईट आहेत, साहेब. माझी मुलगी त्यापायी रस्ता बदलून जात होती. आणि गाणं आम्हाला घरात रोज लागतं, त्याच्यामुळे माझी आई बोलायला लागली."

"म्हणजे तुम्ही अर्जदार की विरुद्ध पक्ष?"

"दोन्ही."

"दोन्हीला रकाना नाही."

मी सगळी हकीकत सांगितली. काढ्यापर्यंत आलो तेव्हा अधिकारी लिहायचे थांबले होते. गीतकाराने बाही सोडून दिली होती. त्याने फक्त एक प्रश्न विचारला, आणि तोही दबक्या आवाजात: "शब्द स्पष्ट होते?"

"अक्षर अन् अक्षर."

तो खाली बघत म्हणाला, "चाल आधीच झाली होती. अर्ध्या तासात शब्द हवे होते. ठेक्यात बसतील ते लिही म्हणाले. बसले. माझी बायको ते घरात लावू देत नाही. मुलगी विचारते, बाबा, तुम्हाला असं वाटतं का?" मग अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाला, "साहेब, मी बदलून देतो."

हुकूम झाला. जुने शब्द बाहेर वाजवायचे नाहीत. नवे आले की वाजवावेत. आणि खाली, शिक्क्यासह: "अर्जदाराच्या घरी वैद्यकीय कारणासाठी गाण्यास हरकत नाही." तो कागद आमच्या कपाटात मुलीच्या जन्मदाखल्याच्या शेजारी आहे.

रविवारी दुपारी गीतकार स्वतः घरी आला. आईसमोर खुर्ची ओढून बसला, खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि बेसूर, पण नेमक्या ठेक्यात म्हणाला:

नाही म्हण, नाही म्हण, ऐकलं मी हो गं,
दार लाव, कडी घाल, घरी मी जातो गं!

"हिरो घरी जातो?" मुलगी म्हणाली. "मग गाणं संपलंच की."

"हो," गीतकार म्हणाला, "तीन कडवी लिहायची वाचली."

आईने त्याच्याकडून ते चार वेळा म्हणवून घेतलं. पाचव्या वेळी ती सोबत म्हणाली. तो म्हणत असताना मध्येच थांबला, पण आई थांबली नाही. तिने ओळ पूर्ण केली. त्याने वाकून तिच्या पायांना हात लावला.

मी त्याला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो. आभार कसे मानावेत हे मला नीटसं जमत नाही. लेखी असतं तर तीन प्रतींत दिले असते. मी म्हणालो, "तुमचे शब्द वाईटच होते हो. पण आमच्याकडे चार महिन्यांनी आलेले पहिले शब्द तुमचे होते. ते मी विसरणार नाही."

तो म्हणाला, "गाणं कोणी म्हटलंय, हे लोक विचारतात. कोणी लिहिलंय हे मला आजवर फक्त तुमच्या अर्जात विचारलं गेलं." बस आली, आणि तो हात हलवत चढला.

मी घरी परत आलो. आई खुर्चीतच होती. तिने मान वर केली.

"गेला?"

मी चप्पल काढता काढता थबकलो. तिने प्रश्न विचारला होता. झटक्यानंतरचा पहिला प्रश्न, आणि तो स्वतःच्या पाण्याचा नव्हता, उशीचा नव्हता, दुसऱ्या माणसाबद्दलचा होता.

"गेला गं," मी म्हणालो.

"जेवला?"

दुपारी एक वाजता आलेल्या माणसाला आम्ही चौघांनी मिळून सहा वेळा गायला लावलं होतं आणि जेवायचं कोणी विचारलं नव्हतं. आईने मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"वेडाच. आहेस."

"अगं, ऐकलंस का?" मी स्वयंपाकघराकडे धावलो. "आई मला वेडा म्हणाली! न गाता! पूर्ण वाक्य!" ही पिठाच्या हातांनी बाहेर आली. मुलगी पुस्तक टाकून आली. सगळे आईभोवती जमलो. "आई, मी ऐकलंच नाही हो," ही म्हणाली. "पुन्हा एकदा म्हणा ना."

आईने पुन्हा म्हटलं. मग मुलीसाठी एकदा, मग गडबड ऐकून धावत आलेल्या सेक्रेटरींसाठी एकदा. सेक्रेटरी म्हणाले, अगदी बरोबर बोलतात. तिन्ही वेळा मी खुर्ची आणखी जवळ ओढून, मान खाली घालून, आईच्या अगदी समोर बसलो होतो.